शेजारी दार वाजवतो तेव्हा : स्वीडनचा हसता-रडता सिनेमा

स्वीडनचा सिनेमा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. ओसाड समुद्रकिनारा, करडं आभाळ आणि काळ्या झग्यातल्या मृत्यूबरोबर बुद्धिबळ खेळत बसलेला एक सरदार. इंगमार बर्गमनचा १९५७ सालचा ‘द सेव्हन्थ सील’. फिल्म सोसायट्यांमध्ये वाढलेल्या आमच्यासारख्यांनी हे चित्र इतकं उराशी धरलं, की स्वीडिश माणूस हसतोसुद्धा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आज बोलायचंय ते त्या हसण्याबद्दल.

पण सुरुवात ‘सेव्हन्थ सील’पासूनच करू. शेवटी मृत्यू सगळ्यांना घेऊन जातो. सरदार जातो, त्याचा सेवक जातो, लोहार जातो. वाचतं कोण? गावोगाव खेळ करत फिरणारा योफ नावाचा एक साधाभोळा नट, त्याची बायको मिया आणि त्यांचं तान्हं पोर. या योफचं काम केलंय निल्स पॉप्पे यानं. आपण बाहेरचे लोक हे नाव वाचतो आणि पुढे जातो. पण १९५७च्या स्वीडिश प्रेक्षकाला हे नाव चांगलंच ठाऊक होतं. पॉप्पे हा तिथला अतिशय लाडका विनोदी नट. त्याच्या ‘शिपाई बोम’वर सगळा देश हसला होता. पडद्यावर आला की लोक आधी हसायचे, मग काय करतोय ते बघायचे, असा तो माणूस.

आता त्या चित्रपटातला खाणावळीचा प्रसंग आठवा. साथीच्या भीतीनं पिसाटलेली माणसं योफला टेबलावर चढवतात आणि अस्वलासारखा नाच म्हणून धमकावतात. तो नाचतो. लोक हसतात. पॉप्पेला नाचताना बघून हसायची सवय असलेला थिएटरातला प्रेक्षक इथे पकडला जातो. हसू ओठांवर येतं आणि तिथेच थिजतं, कारण समोरचा माणूस जिवाच्या भीतीनं नाचतोय. बर्गमननं ही भूमिका पॉप्पेला दिली, ती आमच्या मते पूर्ण विचार करून. हा प्रसंग धरून ठेवा. आज जे चित्रपट आपण पाहणार आहोत, त्या सगळ्यांत हेच परत परत घडतं. माणूस हसण्याजोगा दिसतो, आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की तो एकटा आहे.

खरं तर ‘सेव्हन्थ सील’ बनला तोच एका विनोदी चित्रपटाच्या जोरावर. १९५५ साली बर्गमननं ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’ केला. १९५६च्या कान महोत्सवात त्याला काव्यात्म विनोदासाठी म्हणून बक्षीस मिळालं. (असलं बक्षीस पूर्वी होतं, ऐकूनच बरं वाटतं.) एका स्वीडिश चित्रपटाला यश मिळाल्याची बातमी आपण पेपरात वाचली आणि तो चित्रपट आपलाच आहे हे पाहून थक्क झालो, असं बर्गमन पुढे सांगायचा. मग तो तडक कानला गेला आणि स्वेन्स्क फिल्मइंडस्ट्री या कंपनीचे प्रमुख कार्ल आंदेश डूमलिंग यांच्यापुढे ‘सेव्हन्थ सील’ची पटकथा ठेवली. कंपनी आधी त्या विषयाला फारशी तयार नव्हती. आता थोडक्या दिवसांत, थोडक्या पैशांत करून दाखव म्हणून परवानगी मिळाली.

या ‘समर नाइट’मध्ये आहे तरी काय? वरवर पाहता फ्रेंच फार्ससारखा मामला. फ्रेड्रिक एगरमन नावाचा एक प्रतिष्ठित वकील. वय बरंच, बायको अगदी कोवळी. लग्नाला दोन वर्षं झाली तरी संसार सुरूच झालेला नाही. घरात पहिल्या लग्नाचा तरुण मुलगा, धर्मशास्त्र शिकणारा आणि मनातून सावत्र आईवर भाळलेला. वकिलाची जुनी मैत्रीण देझिरे ही नाटकातली नटी, तिचा सध्याचा प्रियकर एक तापट सरदार, त्या सरदाराची बायको. सगळे उन्हाळ्यातल्या एका लख्ख रात्री एका वाड्यावर जमतात.

वकील झालाय गुन्नार ब्योर्नस्ट्रांड, आणि देझिरे आहे एवा डालबेक. या जोडीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. १९५२च्या एका चित्रपटात बर्गमननं या दोघांना नवरा-बायको करून लिफ्टमध्ये अडकवलं होतं. पार्टीहून परतणारं मध्यमवयीन जोडपं, लिफ्ट बंद पडते, कुठे जाता येत नाही, तेव्हा पहिल्यांदाच दोघं एकमेकांशी धड बोलतात. तो प्रसंग अजूनही ताजा वाटतो. दोन वर्षांनी ‘अ लेसन इन लव्ह’मध्ये पुन्हा हीच जोडी. डालबेक बाईंच्या चेहऱ्यावर एक समजूतदार खट्याळपणा असे. पुरुषाचं ढोंग त्यांना आधीच कळलंय, पण त्या लगेच उघडं पाडत नाहीत. पुढे अभिनय सोडून त्या कादंबऱ्या लिहू लागल्या.

आणि ब्योर्नस्ट्रांड! चेहरा ताठ, कॉलर ताठ, बोलणं मोजूनमापून. विनोदी नट म्हणून त्याचं सगळं भांडवल म्हणजे हा ताठपणा. ‘समर नाइट’मध्ये देझिरेच्या घराबाहेर तो चिखलपाण्यात धपकन पडतो, कपडे भिजतात, आणि अंगात घालायला मिळतो तो तिच्या प्रियकराचा झोपायचा लांब झगा. नेमका तेव्हाच प्रियकर दारात. वकीलसाहेब त्या झग्यात, डोक्यावर टोपी, तरी भाषा कोर्टातलीच! शेवटी दोघा पुरुषांत पिस्तुलाचा जीवघेणा जुगार होतो आणि पिस्तूल वकिलाच्या हातात असताना उडतं. आत गोळी नसते, काजळी असते. वकील जिवंत, तोंड काळं ठिक्कर. आपल्याकडे तोंड काळं होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, आणि इथे अर्थ अगदी तोच आहे. कारण त्याच रात्री थोडं आधी त्यानं अंधारात उभं राहून आपली बायको आणि आपला मुलगा बग्गीतून पळून जाताना पाहिलेले असतात. त्यानं हाक मारली नाही. आपण हसतो त्या काजळीवर, पण काजळीखालचा माणूस अर्ध्या तासापूर्वी सगळं हरून बसलाय.

हाच ब्योर्नस्ट्रांड १९६३च्या ‘विंटर लाइट’मध्ये श्रद्धा हरवलेला पाद्री होतो. तोच ताठ चेहरा, तेच मोजकं बोलणं. फक्त आता हसू येत नाही. याला वेगळा अभिनय म्हणावा का? आम्हाला तो एकच वाटतो. झग्यातला वकील आणि मोकळ्या देवळातला पाद्री, दोघंही आपली लाज झाकायला कडक कॉलर लावून उभे आहेत.

जाता जाता एक गोष्ट. याच ‘समर नाइट’वरून स्टीफन सॉन्डहाइम यांनी १९७३ साली ‘अ लिटल नाइट म्युझिक’ हे ब्रॉडवेचं संगीत नाटक केलं. म्हणजे उदास म्हणून प्रसिद्ध असलेल्या दिग्दर्शकाची कथा न्यूयॉर्कच्या नाच-गाण्याच्या रंगभूमीवर गेली, ती विनोदाचं बोट धरून.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडू लागली. त्यावर १९६३ साली स्वीडननं एक व्यवहारी तोडगा काढला. सरकारनं तिकिटावरचा करमणूक कर रद्द केला आणि त्याबदल्यात प्रत्येक तिकिटामागे १० टक्के रक्कम नव्या स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटला द्यायची असं ठरलं. यामागचं डोकं हॅरी शाइन यांचं. व्हिएन्नाहून पोरवयात निर्वासित म्हणून आलेला, पेशानं इंजिनियर आणि आवडीनं समीक्षक. त्यातली मेख लक्षात घ्या. हॉलिवूडच्या चित्रपटाच्या तिकिटातूनही स्वीडिश चित्रपटासाठी पैसा यायला लागला. ज्या भाषेचा प्रेक्षक एवढा थोडा, तिथे ‘हसवणारा आहे पण दुःखी आहे’ अशा धड कुठल्याच कप्प्यात न बसणाऱ्या गोष्टीला पैसे लावायला कुणीतरी लागतंच.

आता १९८५. लासे हाल्स्ट्रॉम. तोवर त्याची जगाला ओळख असलीच तर ‘आबा’ या पॉप चमूच्या गाण्यांच्या फिल्मा करणारा माणूस म्हणून. त्यानं रायदर योन्सन यांच्या कादंबरीवरून ‘माय लाइफ अ‍ॅज अ डॉग’ केला. काळ १९५०चं दशक संपत आलेलं. इंगेमार नावाचा पोरगा, आई क्षयानं आजारी, वडील घरी नाहीत. आईला शांतता हवी म्हणून त्याला मामाकडे एका काचकारखान्याच्या गावी धाडतात. त्याची कुत्री सिक्कान मागे राहते.

या पोराची एक सवय आहे. काही वाईट घडलं की तो तुलना करतो. आपलं बरंच बरं म्हणायचं. ती लायका बघा. लायका म्हणजे रशियानं नोव्हेंबर १९५७मध्ये अवकाशात सोडलेली कुत्री. परत आणायची सोयच नव्हती. तिला आत बसवलं, वर पाठवलं, आणि ती मेली. पोरगा रात्री आभाळाकडे बघत हे मनाशी बोलत राहतो. सबंध चित्रपटात तो आपल्या दुःखाबद्दल धडपणे बोलत नाही, लायकाबद्दल बोलतो.

आणि भोवतालचं गाव? एकजात वल्ली. एक जण बारा महिने छपरावर चढून छप्पर दुरुस्त करतोय. खालच्या मजल्यावरचे अंथरुणाला खिळलेले आजोबा पोराकडून बायकांच्या अंतर्वस्त्रांचा कॅटलॉग गुपचूप वाचून घेतात. सागा नावाची मुलगी मुलांच्या संघात खेळता यावं, बॉक्सिंग करता यावं म्हणून छाती आवळून बांधते. एका सुंदर बाईचं शिल्प चाललंय, ते चोरून पाहायला पोरगा काचेच्या छपरावर चढतो आणि काच फोडून थेट आत! थिएटर खदखदून हसतं. हे सगळं इतकं मजेचं आहे, की पोराला कुत्रीचं खरं काय झालं ते कळतं तेव्हा आपण पूर्ण बेसावध असतो. आई गेलेलीच असते. कुत्रीही केव्हाच मारून टाकलेली. तो बागेतल्या लाकडी खोपट्यात स्वतःला कोंडून घेतो आणि कुणी बोलायला आलं की भुंकतो. चित्रपटाच्या नावाचा अर्थ इथे लागतो. दाराबाहेर मामा उभा. काय बोलावं हे त्यालाही कळत नाही.

आंतोन ग्लान्सेलियस या मुलानं केलेलं हे काम एकदा पाहावंच. हाल्स्ट्रॉम त्याला रडायला लावत नाही. तो चेहरा नुसता बघत राहतो, अर्धवट हसरा. शेवट तर फारच साधा. जून १९५९, रेडिओवर बातमी, इंगेमार योहान्सननं न्यूयॉर्कमध्ये फ्लॉइड पॅटरसनला हरवून जागतिक विजेतेपद मिळवलंय. सगळं गाव रस्त्यावर ओरडत धावतंय, आणि आपला इंगेमार सागाबरोबर कोचावर गाढ झोपलाय.

या चित्रपटासाठी हाल्स्ट्रॉमला दिग्दर्शन आणि पटकथा अशी दोन ऑस्कर नामांकनं मिळाली आणि तो अमेरिकेला गेला. २०१४ साली त्यानं ‘द हंड्रेड-फूट जर्नी’ केला. मुंबईचं एक कदम कुटुंब फ्रान्सच्या खेड्यात हॉटेल काढतं, वडील ओम पुरी. ओम पुरी झकास आहेत. पण खोपट्यातल्या भुंकण्यासारखं काही त्यात सापडत नाही, हेही सांगून टाकतो.

यानंतर आमचा सर्वांत आवडता चित्रपट. लुकास मूडिसनचा ‘टुगेदर’, २०००. नोव्हेंबर १९७५, स्टॉकहोम. ‘टुगेदर’ नावाच्या घरात काही डाव्या विचारांची माणसं एकत्र राहतात. रेडिओवर बातमी येते, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मेला, आणि घरात नाच सुरू होतो. या घरात योरान नावाचा अतिसालस गृहस्थ आहे. त्याची बहीण एलिसाबेट दारुड्या नवऱ्याचा मार खाऊन दोन मुलांसह तिथे येते. मूडिसन त्या मंडळींची यथेच्छ टिंगल करतो. एका पोराचं नाव व्हिएतनामच्या लढाईवरून टेट. पिप्पी लाँगस्टॉकिंग ही पोरांची लाडकी नायिका भांडवलदारी आहे की नाही यावर गंभीर चर्चा. पोरांचा खेळ म्हणजे तू हो पिनोशे, मी होतो कैदी.

पण टिंगल एका जागी थांबते. मार देणारा नवरा रोल्फ, धंद्यानं प्लंबर. बायको-मुलं गेल्यावर त्याला बिर्गर नावाचा एक म्हातारा घरी बोलावतो, नळाचं काम आहे म्हणून. काम फुटकळ असतं. मग पुन्हा बोलावतो. हळूहळू कळतं की म्हातारा स्वतःच पाइप सैल करून ठेवतो, कारण प्लंबर आला की घरात दोन शब्द बोलायला माणूस येतो! तोच रोल्फला सांगतो की एकट्यानं पक्वान्न खाण्यापेक्षा चारचौघांत लापशी खाल्लेली बरी. आपण हे पुष्कळदा ऐकलेलं असतं, पण हा म्हातारा ते उपदेश म्हणून बोलत नाही. त्याचं आयुष्यच तसं हुकलेलं आहे. रोल्फ झालाय मिकाएल नीक्विस्त. २००९च्या ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’मधला पत्रकार म्हणून तो तुमच्या ओळखीचा असेल. २०१७ साली तो गेला. बायकोवर हात उचललेल्या माणसाला तो कुठेही निर्दोष ठरवत नाही, आणि तरी आपण त्याच्यावर डोळे मिटून थुंकू शकत नाही. शेवटी बर्फात सगळे मिळून फुटबॉल खेळतात. मागे ‘आबा’चं गाणं. एवढंच घडतं आणि घशात काहीतरी अडकतं.

रॉय अँडरसन आणि रुबेन ओस्टलुंड यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, म्हणून इथे एकेकच प्रसंग. अँडरसनचा १९७५चा चित्रपट आपटला आणि त्यानं पाव शतक मुख्यतः जाहिरातींवर काढलं. मग स्वतःच्या स्टुडिओत परतला. न हलणारा कॅमेरा, फिक्या भिंती, पांढुरके चेहरे. ‘अ पिजन सॅट ऑन अ ब्रँच रिफ्लेक्टिंग ऑन एग्झिस्टन्स’ला २०१४ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. त्यात दोन फिरते विक्रेते आहेत, नकली सुळे आणि हसणारी पिशवी विकणारे. लोकांना मजा यावी हाच आमचा हेतू, असं ते प्रेतकळेच्या चेहऱ्यानं सांगत हिंडतात. कुणी घेत नाही. रात्री खोलीवर त्यातला एक रडतो.

ओस्टलुंडच्या ‘फोर्स माजोर’मध्ये, हाही २०१४चाच, आल्प्समधल्या हॉटेलच्या गच्चीत जेवताना हिमलोट अंगावर येतो. बाप टेबलावरचा फोन उचलतो आणि बायको-पोरांना टाकून पळतो. लोट अलीकडेच थांबतो. कुणाला खरचटतही नाही. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्यानं ‘मी पळालो’ हे कबूल करायला लावलेला वेळ! ओस्टलुंड पुढे दोनदा कानचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला, पण इतका नेमका तो पुन्हा झाला असं आम्हाला वाटत नाही.

आता ‘अ मॅन कॉल्ड ओव्ह’, २०१५. फ्रेड्रिक बाकमन यांची कादंबरी, दिग्दर्शक हॅनेस होल्म. होल्म हा एरवी सुट्टीतल्या कौटुंबिक धमाल चित्रपटांचा माणूस. ओव्ह एकोणसाठचा, बायको सोन्या नुकतीच गेलेली, नोकरीही गेलेली. रोज सकाळी वसाहतीत फेरी मारून सायकली जागेवर आहेत का, गाड्या आत आल्या का, कचरा नीट टाकलाय का हे बघणार आणि सगळ्यांवर खेकसणार. आम्ही हा चित्रपट आमच्या मंडळात दाखवला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच मागून आवाज आला, ‘आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी!’ सगळे हसले. मग कळतं की या माणसानं जगणं संपवायचं ठरवलंय, आणि दर वेळी कुणी ना कुणी दार वाजवतं. शिडी हवी, दवाखान्यात सोडा, गाडी शिकवा. नियम मोडलेला बघवत नाही म्हणून तो वैतागून उठतो आणि दार उघडतो. तेवढा एक दिवस निभावतो. त्या दिवशी हॉलमधला हशा हळूहळू बारीक होत गेला. दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बराच वेळ उठलेच नाहीत.

ओव्हचं काम रोल्फ लासगोर्ड यांचं. पूर्वी टीव्हीवर वालँडर हा पोलीस अधिकारी त्यांनी केला होता. धिप्पाड देह, आणि चिडचिड अशी की बघताना आपल्याला रागही येतो आणि काळजीही वाटते. ओव्ह आणि त्याचा दोस्त रूने यांचं वैर तर अजरामर. एक साबवाला, दुसरा व्होल्व्होवाला. रूने बीएमडब्ल्यू घेतो आणि मैत्री संपते. हा विनोद स्वीडनमध्ये जरा जास्त बोचतो. साबची मोटार कंपनी डिसेंबर २०११मध्ये दिवाळखोरीत गेली होती. ओव्ह ज्याच्याशी इमान राखून आहे, ते जगात उरलेलंच नाही.

चित्रपटाला दोन ऑस्कर नामांकनं मिळाली, आणि २०२२ साली टॉम हँक्सला घेऊन हॉलिवूडनं तो पुन्हा केला. आमची एक तक्रार मात्र आहे. दार वाजवणारी शेजारीण पर्वाने मूळची इराणची. इराणमध्येच जन्मलेल्या बहार पार्सनं ती खणखणीत उभी केली आहे, पण लेखकानं तिला स्वतःचं दुःख जवळजवळ दिलेलंच नाही. बाहेरून आलेली बाई आणि तिचं काम काय, तर स्वीडिश म्हाताऱ्याला माणसात आणणं. याच्या उलट बाजूसाठी योसेफ फारेसचा ‘याला! याला!’ पाहा, तोही २०००चाच. लेबनॉनच्या यादवीतून लहानपणी स्वीडनला आलेल्या मुलाचा हा पहिला चित्रपट. नायक रोरो बागेत झाडलोट करतो, प्रेम स्वीडिश मुलीवर, घरच्यांनी ठरवलेली मुलगी वेगळीच. नायक दिग्दर्शकाचा भाऊ फारेस फारेस, आणि वडीलही पडद्यावर. यात परका माणूस दुसऱ्याचं दार वाजवायला जात नाही. त्याच्याच घराच्या दारावर थापा पडतायत. चित्रपट ओबडधोबड आहे, पण मोकळा आहे.

कुठून सुरुवात करावी, हे नेहमी विचारलं जातं, म्हणून आधीच सांगतो. घरात लहान-मोठे सगळे असतील तर ‘ओव्ह’, पण विषय आधी सांगून ठेवा. नुकतंच कुणाचं जाणं झालेलं असेल तर घाई करू नका. एकट्यानं बघायचा असेल तर ‘माय लाइफ अ‍ॅज अ डॉग’. मित्र जमले तर ‘टुगेदर’. आणि ‘सेव्हन्थ सील’ पूर्वी पाहिलेला असेल, तर या वेळी बुद्धिबळाचा पट सोडून द्या आणि खाणावळीतल्या त्या टेबलावर नाचणाऱ्या पॉप्पेकडे बघा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.